वरून पाहिलेली पृथ्वी : काय दिसतं, काय वाचावं लागतं

पृथ्वीचं सगळ्यात प्रसिद्ध छायाचित्र मुळात उलटं होतं. ७ डिसेंबर १९७२ रोजी अपोलो १७ चंद्राच्या वाटेला लागलं. उड्डाणानंतर पाचेक तासांनी, सुमारे २९,००० किलोमीटरवरून, यानातल्या तिघांपैकी एकाने हॅसलब्लाड कॅमेऱ्याचं बटण दाबलं. युजीन सर्नन, रॉन इव्हान्स आणि हॅरिसन श्मिट या तिघांनाही नासाने त्याचं श्रेय वाटून दिलं आहे. सूर्य यानाच्या पाठीशी होता, म्हणून अख्खा गोल उजळलेला दिसला. त्या चित्रात अंटार्क्टिका वर होतं आणि आफ्रिका खाली. छापताना ते फिरवलं गेलं, कारण उत्तर दिशा वर असली तरच जग आपल्याला सरळ वाटतं. ‘ब्लू मार्बल’ या नावाने ते चित्र पुढे पोस्टरांवर, टी-शर्टांवर आणि पर्यावरण दिनाच्या फलकांवर इतकं छापलं गेलं, की आता त्याच्याकडे कुणी नीट पाहत नाही.

नीट पाहिलं तर वरच्या उजव्या कडेजवळ, हिंदी महासागरावर, एक पांढरा भोवरा दिसतो. चित्रातला तो बहुधा सगळ्यात देखणा तपशील असेल. ते दोनच दिवस आधी तमिळनाडूला, कडलूरजवळ धडकलेलं चक्रीवादळ आहे. त्याने किनाऱ्यावरच्या सखल वस्त्यांत पाणी घातलं होतं. त्याच डिसेंबरात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडत होती. त्याची तर चित्रात खूणही नाही. भारत जेमतेम कडेच्या वळणावर आहे. एकीकडे पूर, दुसरीकडे कोरड, आणि वरून सगळं निळं-पांढरं, शांत.

अंतराळातून पृथ्वी पाहण्याच्या जवळपास ऐंशी वर्षांच्या इतिहासाचा आढावा घेताना मला हा भोवरा पुन्हा पुन्हा आठवतो. पृथ्वीचं सौंदर्य वरून आपोआप दिसतं. तिचा नाजूकपणा मात्र वाचावा लागतो, आणि तो वाचायला जमिनीवर पाय असलेलं कुणीतरी लागतं. ‘एकदा सगळ्यांनी पृथ्वी वरून पाहिली की माणसं शहाणी होतील’ असं अंतराळवीरांपासून उद्योगपतींपर्यंत बरेच जण म्हणतात. पुरावा पाहिला तर हे म्हणणं अर्धंच खरं निघतं.

सुरुवात क्षेपणास्त्रापासून झाली. २४ ऑक्टोबर १९४६ रोजी न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सवरून अमेरिकनांनी जर्मनांकडून मिळवलेलं एक व्ही-२ आकाशात सोडलं. दोन वर्षांपूर्वी हीच अस्त्रं लंडनवर कोसळत होती. त्यात बसवलेला कॅमेरा दर दीड सेकंदाला एक चित्र घेत सुमारे १०५ किलोमीटरपर्यंत गेला. खाली आपटून त्याचा चुराडा झाला. पोलादी डबीतली फिल्म तेवढी वाचली. करड्या ढगांची चादर, वाकलेलं क्षितिज आणि त्यावर काळंभोर आकाश, इतकंच त्यात होतं. पण माणसाने अंतराळातून घेतलेली पृथ्वीची ती पहिली चित्रं.

पुढची पंधरा-वीस वर्षं अंतराळ कार्यक्रम आखणाऱ्यांना खिडकीबाहेर पाहणं फारसं महत्त्वाचं वाटलेलं दिसत नाही. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन १०८ मिनिटांत परतला. क्षितिजाला चिकटलेल्या नाजूक निळ्या वलयाचं वर्णन त्याने केलं, पण पृथ्वीचं एकही छायाचित्र आणलं नाही. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेनने जो कॅमेरा सोबत नेला, तो फ्लोरिडातल्या औषधांच्या दुकानातून विकत घेतलेला होता. या सगळ्यांत मला अलेक्सेई लिओनोव सर्वांत जवळचा वाटतो. मार्च १९६५ मध्ये यानाबाहेर पडून अंतराळात तरंगणारा हा पहिला माणूस हौशी चित्रकार होता. त्याने रंगीत पेन्सिली दोऱ्याने मनगटाला बांधून नेल्या होत्या आणि परतीआधी कक्षेतला सूर्योदय कागदावर उतरवला. त्या छोट्या चित्रात वातावरणाचे थर एकावर एक रेखलेले आहेत. हाताने टिपलेलं ते वातावरणाचं पातळपण आहे.

मग अपोलो ८ आलं. २४ डिसेंबर १९६८ रोजी फ्रँक बोरमन, जिम लव्हेल आणि बिल अँडर्स चंद्राच्या चौथ्या प्रदक्षिणेत होते. उतरण्याच्या जागांची छायाचित्रं काढायची, एवढंच काम ठरलेलं. यान वळलं आणि चंद्राच्या कडेमागून पृथ्वी वर आली. अँडर्सने आधी कृष्णधवल चित्र घेतलं, मग लव्हेलकडे रंगीत फिल्म मागितली. ती शोधताना दोघांची धांदल झाली. बोरमनने थट्टा केली, की हे तर वेळापत्रकात नाही. ‘अर्थराइज’ हे जगप्रसिद्ध चित्र अशा गडबडीत निघालं. तेही आपण आडवं पाहतो. अँडर्सच्या खिडकीतून चंद्राचा पृष्ठभाग उजवीकडे उभा होता आणि पृथ्वी त्याच्या बाजूला. ती ‘उगवते’ असं वाटावं म्हणून चित्र फिरवावं लागलं.

या चित्राने पर्यावरण चळवळ जन्माला घातली, असं सर्रास लिहिलं जातं. १९७० च्या एप्रिलात पहिला वसुंधरा दिन झाला, म्हणजे तारखा तर जुळतात. पण कीटकनाशकांच्या दुष्परिणामांवरचं रेचल कार्सनचं ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक १९६२ मध्येच आलं होतं, आणि वसुंधरा दिनाची कल्पना सिनेटर गेलॉर्ड नेल्सनला सुचली ती २८ जानेवारी १९६९ रोजी कॅलिफोर्नियाच्या सँटा बार्बरा किनाऱ्यावर झालेली तेलगळती पाहून. लोकांना रस्त्यावर आणलं ते तेलाने माखलेल्या पक्ष्यांनी. निळ्या गोलाने त्यांच्या हातात झेंड्यावर लावायला चिन्ह दिलं. चिन्हाचं मोल मी कमी मानत नाही. पण राग खालून आला होता, हे विसरलं जातं. चित्राची भूकही चित्राच्या आधीची आहे. स्टुअर्ट ब्रँड नावाच्या तरुणाने १९६६ मध्येच बिल्ले छापून विकायला घेतले होते. अजून आपण संपूर्ण पृथ्वीचं छायाचित्र का पाहिलेलं नाही, हा प्रश्न त्यांवर होता. पुढच्या वर्षी एटीएस-३ या उपग्रहाने तसं रंगीत चित्र पाठवलं, आणि ब्रँडने ते १९६८ मध्ये आपल्या ‘होल अर्थ कॅटलॉग’च्या मुखपृष्ठावर लावलं.

या चित्रांनी सगळेच भारावले नव्हते. जर्मन तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगरने १९६६ मध्ये चंद्राजवळून घेतलेली पृथ्वीची चित्रं पाहून आपण घाबरलो, असं एका मुलाखतीत सांगितलं. माणूस आपल्या मातीतून उपटला गेला, ही त्याची भीती. अपोलो ११ च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी नागरी हक्क चळवळीतले नेते रेव्हरंड राल्फ अ‍ॅबरनथी गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांना घेऊन, खेचरांच्या गाड्यांसह, केप केनेडीला धडकले. चंद्रावर जायला पैसा आहे आणि पोटाला नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. अपोलो १७ च्याच वर्षी, जून १९७२ मध्ये, स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद भरली. ‘एकच पृथ्वी’ हे तिचं घोषवाक्य. तिथे इंदिरा गांधींनी विचारलं, की गरिबी आणि गरज हेच सगळ्यात मोठे प्रदूषक नाहीत का? तो प्रश्न आजही अर्धवटच वाचला जातो.

या बाजूचा सर्वांत धारदार युक्तिवाद मला दिल्लीत सापडतो. १९९१ मध्ये अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी ‘ग्लोबल वॉर्मिंग इन अ‍ॅन अनइक्वल वर्ल्ड’ ही पुस्तिका काढली. भातखाचरातून निघणारा मिथेन आणि श्रीमंत देशांतल्या मोटारींचा धूर एकाच तागडीत तोलणाऱ्या अमेरिकी हिशेबाचा त्यांनी समाचार घेतला: जगण्यासाठीचं उत्सर्जन वेगळं, चैनीसाठीचं वेगळं. अंतराळातून पृथ्वी एक दिसते, म्हणून जबाबदारीही सगळ्यांची सारखी असा सोयीचा अर्थ काढता येतो. निळ्या गोलावर कुणाच्या दारात किती गाड्या आहेत ते दिसत नाही. ‘आपण सगळे एकाच नावेत’ हे वाक्य ऐकलं की वल्ही कुणाच्या हातात आहेत आणि पाणी कुणाच्या बाजूने शिरतंय, हे विचारायला हवं.

अंतराळवीरांच्या अनुभवाला नाव दिलं ते फ्रँक व्हाइट या लेखकाने. १९८७ च्या त्याच्या पुस्तकापासून ‘ओव्हरव्ह्यू इफेक्ट’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. वरून पृथ्वी पाहिली की माणसाचं मन बदलतं, देश-धर्माच्या रेषा पुसट होतात, सगळ्यांबद्दल आपुलकी दाटून येते, असं त्यात मांडलं आहे. साक्षीदारांची वाण नाही. १९८५ मध्ये अंतराळात गेलेला सौदी राजपुत्र सुलतान बिन सलमान सांगतो, की पहिल्या दिवशी जो तो आपापला देश दाखवत होता, काही दिवसांनी खंडं, आणि शेवटी फक्त पृथ्वी. अंतराळवीर एडगर मिचेल चंद्रावरून परतताना इतका हलला, की त्याने पुढचं आयुष्य जाणिवेच्या अभ्यासाला वाहिलं. मानसशास्त्रज्ञ या अनुभवाचा विस्मयाच्या अंगाने अभ्यास करतात, आणि त्यांना तो खोटा वाटत नाही.

तरीही काही शंका उरतात. जॉर्डन बिम या इतिहासकाराने दाखवून दिलं आहे, की उंचावरून पाहण्याचा परिणाम नेहमी प्रेमाचाच होतो असं नाही. १९५७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या डॉक्टरांनी खूप उंचीवर एकट्याने जेट उडवणाऱ्या वैमानिकांच्या मुलाखती घेतल्या. त्यातल्या काहींना पृथ्वीपासून तुटल्याची भावना आली होती. कुणाला त्यात भीती वाटली, कुणाला आपण जगाचे मालक झालो असं. डॉक्टरांनी त्याला ‘ब्रेक-ऑफ’ म्हटलं आणि धोक्याची खूण मानली. म्हणजे उंचावरून पाहण्याच्या अनुभवातच तीस वर्षांच्या अंतराने आधी आजार सापडला, मग साक्षात्कार. माणूस वर जाताना काय घेऊन जातो, यावर बरंच अवलंबून असावं. १३ ऑक्टोबर २०२१ रोजी नव्वदीतला अभिनेता विल्यम शॅटनर काही मिनिटांच्या सफरीला गेला. ‘स्टार ट्रेक’चा हा कप्तान आनंदाने नाचत उतरेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्याने नंतर लिहिलं, की बाहेरच्या काळोखात त्याला मृत्यू दिसला आणि खालच्या पृथ्वीसाठी शोक दाटून आला. शॅटनरचा शोक मला बऱ्याच जणांच्या आनंदापेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो.

यात आणखी एक गोष्ट नजरेआड होते. आज अंतराळात जाणाऱ्या बहुतेकांना अख्खी पृथ्वी दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून फिरतं. शाळेतला तीस सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घेतला, तर स्थानक त्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम एक सेंटिमीटरवर येईल. इतकं नाक लावून गोल कसा दिसणार? दिसतो तो खाली सरकणारा तुकडा आणि कडेची निळी किनार. २०१० मध्ये बसवलेल्या ‘कुपोला’ या सात खिडक्यांच्या घुमटातूनही तेच. अपोलोच्या काळात संपूर्ण गोल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं चोवीस, सगळे अमेरिकन पुरुष. आणि अपोलो १७ नंतर पन्नासहून अधिक वर्षं तिथवर कुणी गेलं नाही. त्याच पृथ्वीगोलावर हिशेब पुढे नेला, तर वातावरणातली तीन-चतुर्थांश हवा पाव मिलिमीटरच्या थरात मावते. स्थानकावरची माणसं ज्या निळ्या रेषेबद्दल हळवी होतात, ती एवढीशी आहे. त्यामुळे नाजूकपणाची जाणीव खरं तर जवळून अधिक होते. लांबून पृथ्वी सुंदर दिसते, पण घट्टमुट्ट.

सीमा दिसत नाहीत, हे विधान मात्र आता सुधारायला हवं. १९८४ च्या एप्रिलात राकेश शर्मा सल्यूत ७ वर गेले, तेव्हा इंदिरा गांधींच्या प्रश्नाला त्यांनी इक्बालांच्या तराण्यातून दिलेलं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. त्यांचं मुख्य काम होतं भारताची बहुपट्टी कॅमेऱ्याने छायाचित्रं काढण्याचं. ते फार थोड्यांना ठाऊक असतं. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावरून पंतप्रधानांशी बोलताना म्हणाले, की भारत नकाशापेक्षा खूप भव्य दिसतो आणि वरून कुठलीच सीमा दिसत नाही. दिवसा ते बरोबरच आहे. पण रात्री याच स्थानकावरून भारत-पाकिस्तान सीमा केशरी रेषेसारखी लखलखते. कुंपणावरचे प्रखर दिवे ती रेषा ओढतात. ऑगस्ट २०११ मधलं तसं छायाचित्र नासाने प्रसिद्धही केलं आहे. उत्तर कोरिया रात्री दोन उजळ देशांमधला काळा डाग असतो. हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक यांच्यातली सीमा तर भर दिवसा दिसते, कारण एका बाजूचं जंगल तुटलं आणि दुसऱ्या बाजूचं बरंचसं टिकलं. याउलट सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून आपण पाठ केलेली चीनची भिंत यांग लिवेई या चिनी अंतराळवीरालाच २००३ मध्ये दिसली नाही.

सौंदर्याची अडचण इथे सुरू होते, कारण वरून इजाही सुंदर दिसते. मादागास्करमधली बेत्सिबोका नदी समुद्राला मिळताना लालभडक जाळं पसरते, आणि अंतराळवीरांच्या आवडत्या दृश्यांत ते मोडतं. तो लाल रंग जंगलतोडीनंतर वाहून चाललेल्या मातीचा आहे. अरल समुद्र आटत गेला तशी त्याची चित्रं अधिकाधिक मोहक होत गेली: पांढरं मीठ, हिरवट पाणी, मधे तपकिरी वळणं. त्याला मिळणाऱ्या अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचं पाणी सोव्हिएत काळात कापसाकडे वळवलं गेलं. कोळ्यांची गावं किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत उरली.

आपल्याकडचं उदाहरण लोणारचं. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. लँडसॅट ८ ने मेअखेरीस आणि जूनमध्ये घेतलेली चित्रं शेजारी ठेवली, की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातला हिरवा ठिपका गुलाबी झालेला दिसतो. उपग्रहाने बदल टिपला. कारण सांगितलं ते पाण्याच्या नमुन्यांनी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यांच्या तपासणीत खारटपणा आवडणारे आणि गुलाबी रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्मजीव सापडले. आणि त्याआधी बदल पाहिला होता लोणारच्या लोकांनी, काठावर उभं राहून.

वाचण्याच्या या बाजूला भारताची परंपरा आहे, आणि ती माडांपासून सुरू होते. डॉ. पी. आर. पिशारोटी यांना भारतीय दूरसंवेदनाचे जनक म्हणतात. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. १९७० मध्ये त्यांच्या पुढाकाराने केरळात हेलिकॉप्टरमधून माडांच्या बागांची अवरक्त छायाचित्रं घेतली गेली. मुळांच्या मर रोगाने ग्रासलेले माड डोळ्यांना हिरवेच दिसत होते. अवरक्त फिल्मवर ते वेगळे उमटले. पुढे १९७९ चा भास्कर, १९८८ चा आयआरएस-१ए अशा उपग्रहांतून हा प्रवास गेला. सर्वसामान्य घरात पृथ्वीचं वरून दर्शन झालं ते मात्र इन्सॅटच्या ढगचित्रातून, दूरदर्शनच्या बातम्यांच्या शेवटी. कोकणातल्या आणि विदर्भातल्या माणसाने ते ‘ओव्हरव्ह्यू’ म्हणून पाहिलं नाही. पाऊस येतोय का, एवढंच पाहिलं. मला त्याचं पाहणं जास्त शहाणपणाचं वाटतं.

ओझोनची गोष्ट या सगळ्याचा कळस आहे. अंटार्क्टिकावरचा ओझोन विरळ होतोय, हे १९८५ मध्ये जाहीर केलं जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जॉन शँकलिन या तिघा ब्रिटिशांनी. त्यांचं साधन होतं हॅली तळावरचं जुन्या धाटणीचं डॉबसन उपकरण, जमिनीवर ठेवलेलं. त्याच काळात निम्बस ७ हा उपग्रह वरून रोज ओझोन मोजत होता. त्याच्या नोंदींत तोच खड्डा होता. पण फार कमी आकडे ‘संशयास्पद’ म्हणून वेगळी खूण करून ठेवायची, अशी आज्ञावली होती. उपग्रहाने पाहिलं होतं, लक्षात आलं नव्हतं. तळावरच्या माणसांनी वर्षानुवर्षं एकाच जागी बसून मोजलं, म्हणून ते कळलं. मग नासाने त्याच नोंदींचे रंगीत नकाशे केले, आणि दक्षिण ध्रुवावरचं ते भगदाड जगाने पाहिलं. सप्टेंबर १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. हे भगदाड कुठल्याही अंतराळवीराला खिडकीतून दिसलं नसतं, आणि नकाशावरचे जांभळे-निळे रंग संगणकाने दिलेले होते. तरी पृथ्वीच्या इतक्या चित्रांमध्ये राज्यकर्त्यांना सर्वांत वेगाने हलवणारं चित्र बहुधा हेच ठरलं.

तसंच पाण्याचं. २००२ मध्ये सोडलेले ‘ग्रेस’चे दोन उपग्रह एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून एकामागोमाग उडत आणि ते अंतर सतत मोजत. खालचं वस्तुमान बदललं की गुरुत्वाकर्षण बदलतं आणि ते अंतर केसभराहूनही कमी हलतं. त्यावरून २००९ मध्ये निघालेला निष्कर्ष असा होता, की पंजाब, हरियाणा आणि राजस्थान मिळून सहा वर्षांत सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल गेलं. ना रंग, ना भोवरा, फक्त आकडा. दरवर्षी बोअर आणखी खाली न्यावी लागणाऱ्या शेतकऱ्याला ही बातमी नवी नव्हती, दिल्लीला होती.

पाहणाऱ्याला खालचा माणूसही पाहत असतो, हे आता नव्याने कळतंय. पंजाबात भाताची धसकटं पेटवली की दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जाणारे उपग्रह त्या आगी मोजतात. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं, की आगींचा आकडा घटला तरी धूर तसा घटलेला नाही. एकाच जागी स्थिरावून दिवसभर नजर ठेवणाऱ्या कोरियन उपग्रहाची चित्रं पाहिल्यावर उलगडा झाला: आगी उपग्रह निघून गेल्यावर, दिवस कलताना लागत होत्या. गव्हाच्या पेरणीआधी शेत मोकळं करायला शेतकऱ्याच्या हातात थोडेच दिवस असतात, आणि दंडाची भीती वेगळी. त्याने वेळापत्रक वाचायला शिकून घेतलं.

बंगालच्या उपसागरातल्या न्यू मूर बेटाची कथा तर प्रहसनाच्या वळणाची. १९७० च्या भीषण वादळानंतर हरियाभांगा नदीच्या मुखाशी वर आलेलं हे वाळूचं बेट १९७४ मध्ये अमेरिकी उपग्रहाच्या चित्रात सापडलं. भारत आणि बांगलादेश दोघांनीही त्यावर हक्क सांगितला. १९८१ मध्ये भारताने युद्धनौका पाठवून तिथे झेंडा लावला. २०१० मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या संशोधकांनी उपग्रह-चित्रं पाहून सांगितलं, की बेट पाण्याखाली गेलं आहे.

फार लांबून पाहण्याला एक मर्यादा आहे, तीही इथेच नोंदवतो. १४ फेब्रुवारी १९९० रोजी व्हॉयेजर १ ने खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनच्या आग्रहावरून मागे वळून सुमारे ६०० कोटी किलोमीटरवरून पृथ्वी टिपली. ती एका चित्रकणाएवढीही भरली नाही. विनय शिकवायला हे चित्र उत्तम. पण त्यात ना समुद्र आहे, ना ढग, ना कुठलं काम. त्या टोकावरून पृथ्वीवरचं प्रत्येक भांडण क्षुल्लक ठरतं, न्यायाचंसुद्धा.

आणि नाजूक नक्की काय? ज्या सह्याद्रीवर आपण राहतो, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. त्या उद्रेकांच्या काळात डायनोसॉर संपले, पृथ्वी उरली. खडकाचा हा गोळा आपल्याला दाद देणारा नाही. नाजूक आहे ती त्याच्यावरची हवेची साय, शाळेतल्या त्या पृथ्वीगोलाच्या मापाने पाव मिलिमीटरची. शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉकने १९६५ च्या सुमारास मंगळावर जीव कसा शोधावा याचा विचार करताना नेमका तिच्यावर बोट ठेवलं. ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र टिकून राहतात, याचा अर्थ खाली कुणीतरी सतत ते बनवतंय. चित्रातल्या हवेचं हे मिश्रण खालच्या जीवांनी राखलेलं आहे. आपण पृथ्वी म्हणून ज्याचं छायाचित्र काढतो, त्यातलं बरंचसं जीवांचंच काम.

शेवटचा प्रश्न चित्र कुणाच्या मालकीचं, हा. उत्तराखंडातलं जोशीमठ खचतंय, हे जानेवारी २०२३ मध्ये इस्रोच्या हैदराबाद केंद्राने उपग्रह-चित्रांवरून सांगितलं: २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत ५.४ सेंटिमीटर. अहवाल संकेतस्थळावर आला आणि लगेच उतरवला गेला. सरकारी संस्थांनी माध्यमांशी बोलू नये, अशी सूचना निघाली. गंमत अशी, की हे गाव जुन्या दरडीच्या राडारोड्यावर वसलंय, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ मध्येच, डोंगर पायी फिरून, दिला होता.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा नासा आणि इस्रोचा रडार उपग्रह गेला. दर बारा दिवसांत तो जवळपास सगळी जमीन दोनदा तपासतो आणि त्याच्या नोंदी सर्वांना खुल्या ठेवायचं ठरलं आहे. साध्या कॅमेऱ्याचे उपग्रह आषाढ-श्रावणात सह्याद्रीवर आंधळे होतात, कारण वर ढग असतात. रडार ढगातून पाहतं. माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं, तळीये २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. तिन्ही ऐन ढगांच्या दिवसांत. एका रात्रीत कोसळणारी दरड कुठलाही उपग्रह वेळेवर सांगेलच असं नाही; पण महिनोन्‌महिने मिलिमीटरने सरकणारा उतार त्याला पकडता येतो. त्याच्या चित्रात निळा गोल नसतो, करडे ठिपके आणि पट्ट्या असतात. त्या वाचून कुठली वाडी हलवायची, ती हलवल्यावर गावठाणाला जागा कुणाची घ्यायची आणि वाडीचे लोक त्याला तयार का होत नाहीत, हे सगळं तहसील कचेरीत आणि ग्रामसभेत ठरायचं आहे.